गंधक धरणारा दाणा

२४ जुलै १९७२ रोजी जपानच्या मिए प्रांतात, योक्काइची शहरातल्या न्यायालयानं सहा कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. फिर्यादी नऊ जण होते, सगळे इसोझु या कोळीवस्तीतले. खटला १९६७ साली दाखल झाला होता. निकाल ऐकायला त्यांतले सातच उरले, दोघं खटला चालू असतानाच गेले.

इसोझु सुझुका नदीच्या मुखाशी आहे. नदीपलीकडे पूर्वी जपानी नौदलाचा इंधनसाठा होता. युद्धानंतर त्या जागेवर तेलशुद्धीकरण, रसायनं आणि वीजनिर्मितीचं संकुल उभं राहिलं आणि १९५९ पासून ते चालू झालं. आधी मासळीला तेलाचा वास येऊ लागला, मग माणसांना दमा लागला. मध्यपूर्वेतून येणाऱ्या तेलात सुमारे तीन टक्के गंधक असायचा. असं एक टन तेल जाळलं की धुराड्यातून साठ किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की हा वायू थेट इसोझुवर यायचा. मिए विद्यापीठातले प्राध्यापक कात्सुमी योशिदा आणि त्यांचे सहकारी कुठल्या वस्तीत हवेत वायू किती आणि दमेकरी किती, हे मोजत होते. त्या आकड्यांनी कोर्टात काम केलं. सहा कंपन्यांचा धूर हवेत एक झालेला, त्यामुळे कोणाचा वायू कोणाच्या छातीत गेला हे सांगता येत नाही, असा बचाव होता. धूर एकत्रच झाला आहे तर जबाबदारीही एकत्रच, असं न्यायालय म्हणालं. कंपन्यांनी अपील केलं नाही.

त्या सहांपैकी एक होती शोवा योक्काइची सेकियु ही तेलशुद्धीकरण कंपनी. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, तिच्या आवारात तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरासाठी एक वेगळ्याच तऱ्हेचं यंत्र चालू झालं. पाण्याचा फवारा नाही, चुन्याची निवळी नाही. जाळीच्या कप्प्यांत भरलेले अ‍ॅल्युमिनाचे दाणे, त्यांवर तांब्याच्या ऑक्साइडचा थर, आणि त्यांच्या अंगावरून वाहणारा चारशे अंश सेल्सिअसचा धूर. तासाला सव्वा लाख घनमीटर धूर हे यंत्र हाताळायचं आणि त्यातला नव्वद टक्के सल्फर डायऑक्साइड काढून घ्यायचं. केवळ निकालामुळे ते बसवलं असं म्हणणं घाईचं होईल, कारण इतकी मोठी यंत्रणा वर्षभरात उभी राहत नाही. पण ज्या गावाच्या छातीवर या वायूचा हिशेब लिहिला गेला, त्याच गावात त्याला धरून ठेवणारा हा दाणा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कामाला लागला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्या आधी कारखान्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. त्यांनी धुराडी उंच केली. इसोझुतला वायू थोडा कमी झाला आणि लांबच्या वस्त्यांत वाढला. धुराड्याची उंची वाढवल्यानं एक ग्रॅमही गंधक कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात पडतो. म्हणून मिए प्रांतानं १९७२ मध्ये धुरातल्या प्रमाणाऐवजी एकूण किती किलो वायू सोडायचा यावरच मर्यादा घातली. १९७४ मध्ये देशपातळीवर तोच नियम आला. असा नियम आला की वायू खरोखर पकडावा लागतो.

पकडायचा कशानं? सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी आहे, तेव्हा कुठलाही अल्कधर्मी पदार्थ त्याला धरतो. चुना धरतो, सोडा धरतो, समुद्राचं पाणीही धरतं. अडचण पुढे येते. चुन्यानं धरलेला गंधक कॅल्शियम सल्फेट होऊन बसतो, आणि तो सुटा करायचा तर बाराशे अंशांच्या वर तापवावं लागतं. एवढी उष्णता देण्यापेक्षा नवा चुना आणणं स्वस्त पडतं. त्यामुळे चुना एकदाच वापरला जातो, आणि मागे उरतो ढीग. चौसष्ट किलो सल्फर डायऑक्साइडला शंभर किलो चुनखडी लागते, तिचं एकशे बहात्तर किलो जिप्सम होतं, आणि वर चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

याच्या उलट असा पदार्थ हवा होता जो धुराच्या तापमानाला गंधक घट्ट धरील आणि सांगितल्यावर सोडील. १९६० च्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला अमेरिकेत चाळीसहून जास्त मूलद्रव्यांची ऑक्साइडं या कसोटीवर कागदोपत्री तपासली गेली. कोणाचं सल्फेट किती तापमानाला फुटतं, कोण मुळात सल्फेट बनवतच नाही, कोण इतकं पक्कं बनवतं की परत मिळणार नाही. चाळणीतून डझन-दीड डझन नावं खाली आली आणि त्यांत तांबं ठळक होतं. तीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान तांब्याचं ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि धुरातलाच प्राणवायू एकत्र येऊन तांब्याचं सल्फेट, म्हणजे आपला मोरचूदच पण पाण्याविना, तयार होतो. नुसत्या उष्णतेनं तो फोडायचा तर साडेसहाशे-सातशे अंश लागतात. पण हायड्रोजन सोडला की चारशे अंशांनाच काम होतं. गंधक दाट सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि दाण्यात धातुरूप तांबं उरतं. पुन्हा धूर आला की त्यातला प्राणवायू घेऊन ते तांबं ऑक्साइड होतं. धरणं आणि सोडणं, दोन्ही एकाच तापमानाला. दाणा थंड करायला नको, परत तापवायलाही नको. मला या साऱ्या रसायनात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

मग नुसती तांब्याच्या ऑक्साइडची पूड का भरत नाहीत? कारण मोरचूद मूळ ऑक्साइडपेक्षा सुमारे साडेतीन पट जागा घेतो. कणाच्या पृष्ठभागावर तो तयार झाला की आतल्या ऑक्साइडकडे जाणारी वाट बुजते. बाहेरचा थर मोरचूद, आतला गाभा कोरा. म्हणून तांबं इतकं पातळ पसरवायला लागतं की आत असं काही उरूच नये. त्यासाठी प्रचंड पृष्ठभाग लागतो आणि तो देतो गॅमा अ‍ॅल्युमिना.

अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. बॉक्साइटमधून ते निघतं, आणि बॉक्साइट आपल्या कोल्हापूरकडच्या सड्यांवरही सापडतं. त्याचं गॅमा रूप आतून असंख्य छिद्रांचं असतं. एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग ही चांगल्या मालाची साधारण खूण. पन्नास ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर दाणे घेतले तर त्यांच्या पोटात एक हेक्टर, अडीच एकर जमीन मावलेली असते. हजार अंशांच्या वर तापवलं की हे रूप मोडून अल्फा अ‍ॅल्युमिना होतं, छिद्रं मिटतात आणि अडीच एकरांचं गुंठ्या-दोन गुंठ्यांवर येतं. चारशे अंशांचा धूर मात्र त्याला सहज सोसतो.

दाणा तयार करण्याची नेहमीची प्रयोगशाळेतली रीत सांगतो. दीडेक मिलिमीटर व्यासाचे अ‍ॅल्युमिनाचे पांढरे दाणे शंभर ग्रॅम घ्यायचे. आधी थोडा माल बाजूला काढून त्यावर थेंब-थेंब पाणी सोडायचं आणि दाणे बाहेरून ओले दिसू लागेपर्यंत किती पाणी पोटात गेलं ते मोजायचं. ग्रॅमला अर्धा मिलिलिटर धरू, म्हणजे शंभर ग्रॅमला पन्नास. आता चोवीस-साडेचोवीस ग्रॅम कॉपर नायट्रेट पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर तेवढंच करायचं. द्रावण गडद निळं होतं. ते दाण्यांवर थोडं-थोडं ओतत दाणे फिरवत राहायचं. सगळं द्रावण छिद्रांत गेलं पाहिजे, भांड्याच्या तळाशी निळा थेंब उरला तर माप चुकलं. दाणे आता निळे दिसतात पण हाताला जवळजवळ कोरडे लागतात.

पुढची पायरी वाळवण्याची, आणि इथेच अधीर माणसाचा माल फुकट जातो. झपाट्यानं तापवलं तर आतलं पाणी बाहेर येताना मीठही घेऊन येतं आणि ओलसर भिंतीवर खार फुटावा तसं ते दाण्याच्या कडेला जमतं. बाहेर तांब्याची साल, आत कोरा अ‍ॅल्युमिना. वजन बरोबर भरतं, विश्लेषणात तांबंही तेवढंच दिसतं, पण दाणा धुरात अर्धवटच काम करतो. म्हणून आधी मंद उबेत, मग एकशे दहा-वीस अंशांना रात्रभर. एक दाणा मधोमध कापून भिंगाखाली धरला की रंग गाभ्यापर्यंत सारखा आहे की नाही ते कळतं. मोठमोठ्या उपकरणांच्या आधी हा पातीचा आणि भिंगाचा दाखला घ्यावा.

शेवटी भट्टी. तापमान हळूहळू साडेचारशे-पाचशे अंशांवर न्यायचं. वाटेत नायट्रेट फुटतं आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस-तपकिरी, घसा धरणारा धूर निघतो. एक विषारी वायू धरणारा माल करताना दुसरा विषारी वायू निघतो, तेव्हा धूर ओढणारं कपाट चालू असल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही. काही तास तापवल्यावर निळा रंग जाऊन हिरवट-करडे, तांबं जास्त असेल तर काळपट दाणे हाती येतात. वजन करावं, शंभरचे एकशे आठ ग्रॅम भरले पाहिजेत. ते वरचे आठ ग्रॅम म्हणजे कॉपर ऑक्साइड.

आठच का, वीस का नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर एका थरात मावतं तेवढंच तांबं विखुरलेलं राहतं. शंभर चौरस मीटरला साधारण चार-पाच टक्के तांबं, असा जुना अंदाज आहे. त्यापुढचं तांबं एकमेकांना धरून स्फटिक होतं, आणि स्फटिक झालं की पुन्हा तीच अडचण, बाहेर मोरचूद, आत कोरं. मर्यादेच्या खाली राहिलेलं बरं, कारण सल्फेट झाल्यावर फुगायलाही छिद्रांत जागा हवी.

आता हिशेब. आठ ग्रॅम कॉपर ऑक्साइड पूर्णपणे कामी आलं तर सुमारे साडेसहा ग्रॅम सल्फर डायऑक्साइड धरतं. म्हणजे इसोझुकडे येणारा तो साठ किलो वायू, एक टन तेलाचा, एका दमात धरायला एक टन दाणे लागतात. एकदा वापरून फेकायचा माल म्हणून हे कोणालाच परवडणार नाही. दाण्याची सगळी किंमत तो किती वेळा धरतो आणि सोडतो यात आहे. शेकडो फेऱ्यांनी भागत नाही, हजारो लागतात. चांगला दाणा कोणता, याचं उत्तर पहिल्या फेरीचा आकडा देत नाही. पहिल्या फेरीत सगळेच दाणे गुणी दिसतात. शोधनिबंधांत पहिल्या पाच-दहा फेऱ्यांचे सुरेख आलेख असतात, आणि वाचणाऱ्यानं त्यांच्या पलीकडचं विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

योक्काइचीच्या यंत्रात दोन कक्ष होते. एक धूर घेत असताना दुसऱ्यात हायड्रोजन सोडून गंधक काढला जायचा, मग अदलाबदल. शेल कंपनीनं ही पद्धत रॉटरडॅमजवळच्या पर्निसच्या शुद्धीकरण कारखान्यात आधी पारखून घेतली होती. तिची खरी युक्ती मांडणीत होती. धूर दाण्यांच्या थरातून आरपार ढकलला तर काजळी आणि राख अडकून थर बुजतो. इथे दाणे जाळीच्या चपट्या पाकिटांत ठेवून धूर पाकिटांच्या मधल्या फटींतून समांतर वाहू दिला. वायूचे रेणू बाजूला शिरून दाण्यांपर्यंत पोहोचतात, राख सरळ पुढे निघून जाते. शिवाय धुरात थोडा अमोनिया सोडला तर हेच तांबं नायट्रोजनच्या ऑक्साइडांचंही विघटन करतं, हे तिथेच मोठ्या प्रमाणावर दिसून आलं. एका दाण्यानं दोन वायूंचा बंदोबस्त होत होता. तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन घरचा असतो आणि सुटलेल्या दाट वायूचा गंधक करणारा विभागही असतो, त्यामुळे तिथे हे सगळं जुळून आलं.

कोळशाच्या वीजकेंद्रात ते तसं जुळलं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा इलेक्ट्रिकच्या बिग बेंड केंद्रावर या पद्धतीची छोटी चाचणी झाली. पिट्सबर्गजवळच्या सरकारी संशोधन केंद्रानं दाणे जाळीत न ठेवता धुराच्या झोतात उकळल्यासारखे तरंगते ठेवण्याचा, नंतर हळूहळू खाली सरकवण्याचा मार्ग धरला. हायड्रोजनऐवजी नैसर्गिक वायू वापरला. त्याच परिसरात आधी साठच्या दशकात सोडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांवर मोठं काम झालं होतं. रसायन चांगलं, पण दाणे एकमेकांवर आणि नळ्यांवर घासून झिजायचे, त्यांची भुकटी धुराबरोबर जायची. ती पद्धत मुख्यतः झिजेनं मारली. तांब्याच्या दाण्यांनाही तेच दुखणं होतं. दाणा दर फेरीत फुगतो, आकसतो, तापतो, आपटतो. नुसत्या भुकटीपायी रोज नवा माल घालायचा तर खर्च हाताबाहेर जातो.

याला उत्तर म्हणून दाणा नव्यानं घडवायची वाट निघाली. अमेरिकेतले सिरॅमिकतज्ज्ञ बुलेंट योल्डास यांनी १९७५ साली अ‍ॅल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगापासून अ‍ॅल्युमिनाचं पातळ, पारदर्शक कलिल बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. ऐंशी अंशांच्या वरच्या गरम पाण्यात ते संयुग सोडायचं, किंचित नायट्रिक आम्लानं कण सुटे ठेवायचे, आणि पाणी आटवत आणलं की जेली होते. नव्वदच्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात वाय. एस. लिन यांच्या गटानं याच कलिलाचे गोल दाणे पाडले. कलिल थेंबाथेंबानं गरम खनिज तेलात सोडायचं. तेलातून खाली येताना पृष्ठताणामुळे थेंब अगदी गोल होतो आणि बाहेरून थिजू लागतो. तेलाच्या खाली अमोनियाचं पाणी असतं, त्यात पडला की आतूनही घट्ट होतो. मग तो तिथेच मुरू द्यायचा, पाण्यानं आणि अल्कोहोलनं धुवायचा, चाळीसेक अंशांत सावकाश वाळवायचा आणि साडेचारशे अंशांना भाजायचा. तांबं हवं तर आधीच कलिलात मिसळता येतं, म्हणजे ते बाहेरून भरण्याऐवजी दाण्याच्या अंगातच येतं. असे दाणे बाजारातल्या दाण्यांपेक्षा चिरडायला कितीतरी कठीण निघाले आणि झीजही फार कमी झाली. अब्जांश मीटरचे कण एकमेकांना सर्वांगानं चिकटलेले असल्यामुळे मोठी भेग जायला जागाच नसते. महागडं सेंद्रिय संयुग आणि थेंब पाडण्याचा संथपणा या दोन गोष्टींनी मात्र त्यांना प्रयोगशाळेच्या फारसं बाहेर येऊ दिलं नाही.

तोवर बाजार चुनखडीनं जिंकला होता. चुनखडी स्वस्त, यंत्रणा मळलेल्या वाटेची, जिप्समला भिंतींच्या पाट्यांसाठी गिऱ्हाईक. तांब्याच्या दाण्याला हायड्रोजन लागतो. साठ किलो वायू सोडवायला हिशेबानं पावणेचार किलो, आणि सल्फेट न झालेलं ऑक्साइडही वाटेत हायड्रोजन खातं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. वीजकेंद्र चालवणाऱ्यानं सोपा मार्ग निवडला, त्यात मला नवल वाटत नाही.

पण कल्पना मेली नाही. आज जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जड तेल फोडणाऱ्या विभागात उत्प्रेरकाबरोबर एक बारीक पूड फिरत असते. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिना यांचं संयुग, त्यावर सेरियमचं ऑक्साइड. उत्प्रेरकावरचा कोळसा जाळताना गंधकाचा वायू निघतो. सेरियम त्याला आणखी एक प्राणवायू देतं आणि मॅग्नेशियम त्याचं सल्फेट करून ठेवतं. तीच पूड फिरून तेलाच्या नळीत गेली की तिथल्या हायड्रोजनयुक्त वातावरणात गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतो आणि गंधक विभागात पिवळ्या गंधकाच्या रूपात जमा होतो. धरायला एक खोली, सोडायला दुसरी, आणि फेरी आपोआप. योक्काइचीत दोन कक्षांची अदलाबदल करावी लागे, इथे ती वाहत्या पुडीनं होते.

आपल्याकडचं चित्र सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ७ डिसेंबर २०१५ रोजी कोळशाच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. दोन वर्षांची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना आली आणि देशातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांना गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्यातून वगळलं गेलं. धुराड्याच्या उंचीची अट मात्र ठेवली. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्धा टक्का किंवा आसपास, असं त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. गंधक कमी हे खरं आहे. पण आपण जाळतो तो कोळसा किती, तेही खरं आहे. सल्फर डायऑक्साइड हवेत काही दिवसांत सल्फेटचे सूक्ष्म कण होतो आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात. उंच धुराडं त्यांना आणखी लांब धाडतं. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांच्या गंधकी धुरावर आपण हिरिरीनं बोलतो, वर्षभराच्या या धुरावर फार थोडं.

महाराष्ट्रात डहाणूचं उदाहरण आहे. चिकूच्या वाड्यांच्या त्या तालुक्यात औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं. स्थानिकांच्या लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणानं गंधक काढण्याचा आग्रह सोडला नाही आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यानं धूर धुणारी यंत्रणा तिथे चालू झाली. डहाणूला समुद्र होता. चंद्रपूरला नाही, कोराडीलाही नाही. विदर्भात उन्हाळ्यात पाण्याचा प्रत्येक टँकर मोजला जातो, आणि चुनखडीची ओली यंत्रणा पाणी मागते. कोरडा, पुन्हा वापरता येणारा दाणा आपल्यासाठी विचारात घ्यायला हवा तो इथे.

आपल्या कोळशात राख मात्र तीस ते पंचेचाळीस टक्के, त्यामुळे झिजेचा प्रश्न अमेरिकेतल्यापेक्षा आपल्याकडे कठीण आहे. भारतीय राख मिसळलेल्या गरम धुरात, चारशे अंशांना, हजार-दोन हजार फेऱ्या काढून किती दाणा शिल्लक राहतो आणि त्यात किती तांबं जागतं राहतं, ही कसोटी हवी. तिला फार मोठं यंत्र लागत नाही. चालू बॉयलरच्या धुराचा एक छोटा फाटा, दोन कक्ष, हायड्रोजनची किंवा नैसर्गिक वायूची टाकी आणि वर्षभर रात्रपाळीला बसणारी माणसं एवढं पुरतं. विदर्भातल्या एखाद्या केंद्राच्या आवारात ती आधी उभी राहावी, आणि निघालेले आकडे, चांगले-वाईट सगळे, लोकांसमोर ठेवले जावेत.